नवे पैसे अपडेट: नारिंगी पन्नासामागचा अशोक शेवटी दिसला!

मंडळी, दिसला एकदाचा! ५० नव्या पैशांच्या नारिंगी टपाल तिकिटामागचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली फिकट खूण, काल रात्री स्वच्छ दिसला आणि तो अशोकच निघाला, स्टार नव्हे. मागच्या अपडेटपासून त्या एका तिकिटानं माझी झोप उडवलेली हे तुम्हाला माहितेय, त्यामुळे ही बातमी आधी.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळी. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडं आण्यांच्या जागी नवे पैसे आले, शंभराचा एक रुपया, आणि त्याच दिवशी भारताच्या नकाशाची तिकिटं आली, तीच आपली मॅप सिरीज. सुरुवातीची छपाई स्टार वॉटरमार्कच्या कागदावर, म्हणजे कागदातच छोट्या चांदण्या. १९५८ पासून हळूहळू तीच डिझाइनं अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाचा वॉटरमार्क असलेल्या कागदावर यायला लागली. समोरून बघितलं तर नकाशा तोच, आकडा तोच. फरक फक्त कागदाच्या आत. ६ आणि १३ असले चमत्कारिक आकडे का, असं भाचीनं विचारलं तेव्हा तिला हिशोब घालून दाखवला, एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे आणि दोन आणे म्हणजे साडेबारा, मग त्याचेच झाले ६ आणि १३. तिला हे इतकं आवडलं की आता ती २५, ५०, ७५ बघितलं की चार आणे, आठ आणे, बारा आणे असं मोठ्यानं म्हणते. सातवीतली पोरगी आण्यात बोलतेय, मला तर लई भारी वाटतं.

तर इथल्या, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवरची जी जुन्या पत्रांची पाकिटं मिळाली होती, गुजरातच्या व्यापाऱ्यांची, त्यातली फाटकी नि कुरतडलेली मी आधी भिजवायला घेतली. तिकिटं सुटली, सुकली, मग ओळीनं वॉटरमार्क बघायचं काम. पद्धत नेहमीचीच: काळी टाइल, तिच्यावर तिकीट पालथं, वर लायटरमधल्या पेट्रोलचे दोन थेंब. जिथं वॉटरमार्क तिथं कागद पातळ, त्यामुळे तेवढाच भाग काळपट उमटतो. स्वयंपाकघरापासून लांब, खिडकी उघडी, जवळ निरांजन उदबत्ती काही नाही, हे परत परत सांगतो कारण पेट्रोल म्हणजे खेळ नव्हे. आणि फोटोग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरवरच्या) छपाईची काही तिकिटं असल्या द्रवात रंग सोडतात, म्हणून आधी त्याच रंगाचं एखादं फाटकं तिकीट घालून बघायचं आणि मगच चांगलं.

५ चं हिरवं, ६ चं करडं, १३ चं लाल, ही सगळी पटापट निघाली. पण नारिंगी ५०! पेट्रोल पडलं की कागद पारदर्शक होतो आणि मागून समोरचा नारिंगी नकाशाच वर येतो, त्यात वॉटरमार्क पार बुडून जातो. शिवाय माझ्या प्रतीवर शिक्का असा दणकून मारलाय की मधला सगळा भाग काळा. उजेडासमोर धरून बघितलं, तिरकी बॅटरी मारून बघितली, मोबाइलनं फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवून बघितला, कडेला काहीतरी टोकदार दिसायचं. ते टोक चांदणीचं का सिंहांच्या खालच्या बैठकीचं, हे काही केल्या ठरेना. पिवळी आणि नारिंगी तिकिटं वॉटरमार्कला त्रास देतात हे जगभरचे लोक सांगतात, पण स्वतःच्या टेबलावर ते बघणं वेगळंच.

सुटलं कसं ते सांगतो. महाद्वार रोडवर गणपतीच्या सजावटीचं सामान लागायला सुरुवात झालीय, तिथं जिलेटिन पेपर लटकलेले दिसले नि डोक्यात चमकलं. नारिंगी उजेडात नारिंगी शाई आणि पांढरा कागद जवळपास सारखेच दिसणार, म्हणजे छपाई नजरेआड जाईल आणि पातळ-जाड कागदाचा फरक तेवढा उरेल! महागड्या वॉटरमार्क डिटेक्टरमध्ये जे रंगीत फिल्टर असतात ते याचसाठी. मग काय, नारिंगी जिलेटिनची दुहेरी घडी बॅटरीला रबरबँडनं लावली, खोलीतला दिवा बंद, तिकीट टाइलवर, दोन थेंब. नकाशा विरघळल्यासारखा गेला. शिक्का काळा, तो काही जाणार नव्हता, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं शिक्का पोचलेला नाही, तिथं सिंहांचा फुगीर भाग, खाली निमुळता आणि मग बैठकीची सरळ आडवी रेघ. चांदणीला अशी सरळ रेघ नसते. पेट्रोल उडून जायच्या आत भाचीला हाक मारली, तिनं पण बघितलं आणि म्हणाली "मामा, सिंह!" नाद खुळा!

नुसतं वाटण्यावर जायला नको म्हणून एक पक्का नमुना शेजारी ठेवलेला. १९५७ ची तारीख शिक्क्यात स्पष्ट वाचता येते असं १३ चं लाल तिकीट, ते स्टारच असणार कारण अशोकचा कागद तेव्हा आलेलाच नव्हता. आपली नजर बसवायला असा तारखेचा तुकडा प्रत्येकानं एक तरी ठेवावा, कॅटलॉगमधल्या रेखाटनापेक्षा तो कितीतरी जास्त शिकवतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं मागं "स्टार, गॅरंटी" म्हणून घेतलेलं ७५ चं तिकीट पण मग याच टाइलवर घातलं, ते सरळसरळ अशोक आहे. पैसे परत मागितलेत, बघू. तुम्हाला एवढंच सांगतो की वॉटरमार्कच्या फरकावर जास्त पैसे देणार असाल तर मागच्या बाजूचा, द्रवातला फोटो मागा. देत नसेल तर सोडा.

आता हे लिहिता लिहिता एक गोष्ट टोचायला लागलीय. या महिन्यात उरलेली सगळी पाकिटं भिजवायची आणि स्टार-अशोकचे दोन पूर्ण सेट लावायचे असा बेत होता. पण वॉटरमार्क बघायचा म्हणजे तिकीट सोडवावं लागणार, आणि सोडवलं की पाकीट गेलं. आत्ता समोर एक उघडून ठेवलंय. पुढं दोन तिकिटं, गावाचा शिक्का तारखेसकट, वरच्या कोपऱ्यात पेढीचं छापील नाव, आणि मागं कोल्हापूरचा पोचल्याचा शिक्का, त्याची तारीख वेगळी. म्हणजे गुजरातेतनं इथं पत्र यायला किती दिवस लागले ते या एका कागदावर बसून मोजता येतं. आत गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, भाव लिहिलेली चिठ्ठी पण तशीच आहे. हे सगळं एका बादलीत घालून नुसतं १३ चं लाल तिकीट काढायचं?

नाही, ठरलं. धड असलेली पाकिटं भिजवायची नाहीत. सेट लावायला फाटक्यांतली सुटी तिकिटं पुरेत, कमी पडली तर अदलाबदल करू. पाकिटं तारखेनं लावायची आणि त्यांची वन फ्रेम, म्हणजे प्रदर्शनातल्या एका चौकटीत मावणारी मांडणी, करायची, सोळा पानं, विषय कोल्हापूरचा गूळ आणि त्याची टपालवाट. १९५७ मधली पाकिटं तर न भिजवताच स्टार म्हणून मांडता येतील, तारीखच साक्षीदार. १९५८ पासूनच्यांना पानावर "वॉटरमार्क तपासलेला नाही" असं सरळ लिहायचं. अडतीवरच्या अण्णांनी माडीवर अजून एक गठ्ठा आहे म्हणून सांगितलंय, तो आता याच नजरेनं बघणार.

भाचीचं पण थोडं सांगतो, कारण सुरुवात कशी करायची म्हणून बऱ्याच जणांनी विचारलेलं. तिला मी विकतचं शंभर देशांचं पाकीट आणून दिलं नाही. शेजारच्या आजींच्या पत्र्याच्या पेटीतली जुनी पत्रं मागून आणायला लावली. तिकिटाभोवतीचा कागद कापून तो तुकडा साध्या पाण्यात तरंगत ठेवायचा, तिकिटं ओढायची नाहीत, आपोआप सुटतात. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या वाटीत, नाहीतर सगळ्यांना रंग लागतो. चिमटा चपट्या टोकाचा, भुवयांचा अजिबात नको. आणि ते चकचकीत प्लॅस्टिकच्या खिशांचे स्वस्त अल्बम घेऊ नका, पीव्हीसीनं तिकिटं खराब होतात. काळ्या पानांचं एक बरं स्टॉकबुक (तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायची वही) घ्या, लहान का असेना. आपल्या पावसात तर स्टॉकबुक आडवं एकावर एक रचायचंच नाही, मिंट, म्हणजे न वापरलेल्या कोऱ्या, तिकिटांचा डिंक दमटपणानं पानाला धरतो. उभं ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, ऊन पडलं की जरा पानं उलटून हवा द्या.

तिचा विषय तिनंच निवडला: कोल्हापूर. पहिलं तिकीट राजर्षी शाहू महाराजांचं, १९७९ चं, २५ पैशांचं. दुसरं २००१ चं व्ही. शांताराम. संस्थानची स्वतःची टपाल तिकिटं नव्हती म्हटल्यावर ती हिरमुसली, मग मी संस्थानी कोर्ट फीचा एक कागद दाखवला आणि गाडी परत रुळावर. शाळेत फिलाटेली (तिकीटसंग्रह) क्लब नाही, म्हणून तिच्या नावानं पोस्टात २०० रुपयांचं फिलाटेली डिपॉझिट अकाउंट काढायचं चाललंय. सहावी ते नववीच्या पोरांसाठी टपाल खात्याची स्पर्श म्हणून स्कॉलरशिप आहे, महिना ५०० रुपये, त्यासाठी क्लबचं सदस्यत्व नाहीतर स्वतःचं असं अकाउंट लागतं. घरात या वयाचं कोण असेल तर बघाच.

अजून एक आत्ताच डोक्यात आलं, हिरव्या आणि निळ्या तिकिटांना त्या त्या रंगाचं जिलेटिन लावून बघायला पाहिजे, २० चं निळं अजून नीट दिसत नाहीये. उद्या निळं आणि हिरवं दोन्ही आणतो. आणि ७५ चा खात्रीचा स्टार कुणाकडं जादा असेल तर कळवा, बदल्यात १३ चे स्टार, तारखेच्या शिक्क्यासकट, माझ्याकडं भरपूर आहेत.