निळा गालिचा आणि काकूंची क्रीम फुलं

सोफा आणि कार्पेट क्लीनिंगचं माझं काम, पुण्यात. रंग बदलायची कामं त्यामानाने कमी येतात, आणि आली तरी बऱ्याचदा नाहीच म्हणावं लागतं. पण सहकारनगरच्या एका काकूंचं काम अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

सहा बाय नऊ फुटांचा हॉलमधला गालिचा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा, म्हणजे गालिच्यांच्या गावचा. बेज रंग, त्यावर क्रीम कलरची चमकदार फुलं. गॅलरीच्या दाराकडची बाजू उन्हाने पार उडालेली आणि मधोमध चहाचा जुना डाग, जो घासून काढायला गेलं तर लोकर निघेल पण डाग नाही निघणार. मुलाचं म्हणणं टाकून द्या, नवीन आणू. काकू म्हणाल्या, "अहो, निळा करून मिळेल का? पण माझी फुलं तशीच राहिली पाहिजेत हां."

आता एवढ्या गालिच्यावर एकेक फूल सोडून रंग लावणं कुणालाच शक्य नाही. तरी म्हटलं आधी बघून घेऊ. उलटा केला तर मागे गाठी स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे हाताने विणलेला. हे बघायलाच लागतं, कारण टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे नुसते खुपसलेला असेल तर मागे कापड लॅटेक्सने चिकटवलेलं असतं आणि उकळत्या पाण्याने ते सुटतं, ते काम मी घेत नाही. मग कोपऱ्यातले चार धागे कापून लायटर लावला. बेज धागा चुरचुरत आक्रसला, केस जळल्याचा वास आला, राख बोटात चुरली गेली. लोकर. फुलाचा धागा मात्र भसकन पेटला आणि वास आला कागद जळल्यासारखा. काकू इतकी वर्षं ते रेशीम समजत होत्या, पण रेशमालाही केसासारखाच वास येतो. हे व्हिस्कोस होतं, लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेशमासारखा चमकणारा धागा.

तिथेच माझी ट्यूब पेटली. लोकरीला जो अ‍ॅसिड डाय लावतात तो लोकर, रेशीम, नायलॉन यांनाच धरतो. व्हिस्कोस पडलं सुताच्या जातीचं, त्यावर तो टिकत नाही, धुतला की बहुतेक निघून जातो. म्हणजे फुलं सोडून रंगवायची गरजच नव्हती, ती आपली आपणच वाचणार होती! काकूंना सांगितलं तर त्यांना वाटलं मी समजूत काढतोय, मग एका कोपऱ्यावर तळहाताएवढा भाग करून दाखवला तेव्हा कुठे पटलं. पण एक धोकाही स्पष्ट सांगितला, व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं, चमक थोडी उतरणार आणि किंचित पिवळट झाक येऊ शकते. त्या म्हणाल्या चालेल.

काम गच्चीवर केलं, थंडीच्या दिवसात. आधी पूर्ण धुतला, साबणाचा अंश किंवा तेलकटपणा राहिला तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी बसतो. नऊ-दहा किलो लोकर धरून दोनशे ग्रॅमच्या वर थोडा रंग लागला. नुसता नेव्ही ब्लू घेतला असता तर खालच्या बेजच्या पिवळेपणाने तो हिरवट दिसला असता, म्हणून चिमूटभर जांभळट लाल मिसळला. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, रंग चढवून फक्त गडदाकडेच जाता येतं, मरून गालिचा क्रीम करून द्या म्हणणारे खूप भेटतात.

शेगडीवर पाणी उकळायच्या बेतात आणून त्यात रंग आणि सायट्रिक अ‍ॅसिड, मग मगाने थोडं थोडं ओतत मऊ ब्रशने एकाच दिशेने, आणि मागोमाग स्टीम मशीन. घाई केली की वाट लागते. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे सुरुवातीला लोकरीतून निथळणारं पाणी शाईसारखं असतं, वाफ देत गेलं की ते फिकं होत होत जवळजवळ नितळ येतं, कारण सगळा रंग पाण्यातून लोकरीत शिरलेला असतो. ते नितळ पाणी दिसलं की मला खरंच बरं वाटतं. लगेच गार पाणी मात्र ओतायचं नाही, लोकर आक्रसून गोळा होते, हळूहळू निवू द्यायचं.

धुवून काढेपर्यंत फुलंही निळीच दिसत होती आणि काकू कठड्यापाशी उभ्या राहून एक शब्द बोलत नव्हत्या. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला निळं वाहून जायला लागलं आणि एकेक पाकळी वर आली. अगदी पहिल्यासारखं क्रीम नाही, कडेला हलकी निळसर सावली राहिली, पण मला विचाराल तर ती पहिल्यापेक्षा छान दिसत होती. दोन्ही टोकांच्या झालरीही जवळपास पांढऱ्याच राहिल्या, त्या सुती. चहाचा डाग गडप.

सावलीत नीट वाळल्यावर पांढरा ओला रुमाल घासून दाखवला, रंग लागला नाही, मगच पैसे घेतले. जाताना काकूंनी बेडरूममधलं कार्पेट पुढे केलं, हेही निळं करून द्या म्हणे. एक धागा पाण्याच्या पेल्यात बोटाने दाबून टाकला, लगेच वर येऊन तरंगला. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं प्लास्टिक, त्याला बाहेरून कुठलाच रंग धरत नाही. ते काम सोडलं.