आमची वाटचाल : दर वाढला, डाव तोच राहिला

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं नाश्त्याचं छोटं दुकान आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ साली याच वसाहतीत झाली. आम्ही आलो तेव्हा वर्कशॉपं कमी होत होती आणि काचेच्या इमारती वर येत होत्या. गिऱ्हाईक दोन्हीकडचं मिळालं. त्यात सातच्या पाळीचा माणूस एकदा खाऊन गेला की थेट एकच्या सुट्टीतच डबा उघडतो. तोवर त्याला तग धरता आला पाहिजे, हे धरूनच आमची प्लेट ठरली.

पोह्यांचं वजन फसवं असतं. जास्त भिजवले की प्लेट हाताला जड लागते, पण दहा वाजताच पोटात कावळे ओरडायला लागतात. म्हणून आम्ही हिशोब कोरड्या पोह्यांचा धरतो. जाड पोहे, प्लेटला ७० ग्रॅम. किलोत चौदा प्लेटा निघतात. पंधरावी ओढूनताणून काढायची नाही. वाढायचा डाव ठरलेला आहे. तो काठोकाठ भरायचा, पण दाबायचा नाही, नाहीतर मोकळे पोहे गोळा होतात. दर दोन-चार प्लेटांनंतर खालून वर हलवायचं, कारण शेंगदाणे तळाला जातात आणि पहिल्या गिऱ्हाइकांना नुसतेच पोहे मिळतात. ही शिस्त आईची. वाढणाऱ्या मावशींना आता सांगावंही लागत नाही.

२०२२ मध्ये कसोटी लागली. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, इथे तेलाचा डबा कडाडला. १९ किलोचा सिलिंडर दोन हजारांच्या वर गेला. डाव थोडा लहान करा, कुणाला कळणार नाही, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. आम्ही आठवडाभर आधी पाटी लावली आणि प्लेटमागे पाच रुपये वाढवले. काही जण कुरकुरले, काही यायचे थांबले. नेहमीच्या एका काकांनी पैसे देताना प्लेटकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हात आखडता घेतला नाहीस, बरं केलंस." त्या वाक्याने आम्हाला फार बळ दिलं.

ऑफिसात बसून काम करणाऱ्यांचं पोट तेवढं मागत नाही. त्यांच्या प्लेटांत पोहे उरायला लागले, तेव्हा हाफ प्लेट सुरू केली. ती निम्म्या किमतीत परवडत नाही. गॅस, डिश आणि हात तेवढेच लागतात. तिचा दर निम्म्याहून थोडा वर का, हे विचारलं की आम्ही समजावून सांगतो आणि लोकांना ते पटतं.

पार्सललाही तोच डाव. डबा मोठा दिसावा म्हणून तळाशी कागद घालत नाही. हल्ली कंपन्यांच्या सकाळच्या मीटिंगांच्या ऑर्डरी येतात. माणशी दर फारच खाली ओढला, तर आम्ही शिरा कमी करायला सुचवतो. पोहे ७० ग्रॅमचेच देतो.