अक्षर नव्हे, उच्चार

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, आज एका मुलीच्या हातात इंग्रजी व्याकरणाचं जुनं पुस्तक दिसलं. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: 'ॲन युनिव्हर्सिटी'. खाली दोन रेघा, म्हणजे अगदी पाठ केलेलं.

चूक लिहिणाऱ्याची नाही. 'ए, ई, आय, ओ, यू आधी ॲन' असा अर्धाच नियम कित्येकदा छापलेला असतो. ही अक्षरं ५, पण इंग्रजीतले स्वरोच्चार २०च्या आसपास! बघायचा तो उच्चार. युनिव्हर्सिटी 'य'नं सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. अवरमधला एच मुका, म्हणून 'ॲन अवर'. आणि 'ॲन एम.ए.', कारण तोंडातून आधी 'ए' निघतो.

आपली बाराखडी तर उच्चारावरच उभी आहे. व्याकरणाचं पुस्तक घेण्याआधी 'अ' आणि 'ॲन'चं पान उघडून बघा. 'उच्चार' हा शब्द तिथे सापडतो का?