काठ

आई साड्यांना फॉल लावते, मी वेबसाइट बनवतो. दोघांचंही काम एकाच खिडकीशी चालतं. तिच्या मांडीवर कुणाची तरी साडी, माझ्या मांडीवर लॅपटॉप.

परवा सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्याचं पान करत होतो. तीन रकाने: आजचा भाव, राजापुरी हळद, हरिपूरची पेवं (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे). रकान्यांच्या मधे उभ्या रेघा हव्या होत्या. टेलविंड म्हणजे पानाच्या सजावटीचे तयार तुकडे, म्हणजे क्लास, देणारं साधन. त्यात रेघेसाठी वेगळं सीएसएस (सजावटीचा कोड) लिहावं लागत नाही. 'बॉर्डर-आर' एवढा क्लास चिकटवला की उजवीकडे एक पिक्सेलची रेघ येते. आली. झकास दिसली. अडत्याला लिंक धाडली.

"ह्ये उजव्या अंगाला काय लोंबतंय?" पाच मिनिटांत त्यांचा फोन.

त्यांनी पान मोबाइलवर उघडलं होतं. तिथं तिन्ही रकाने एकाखाली एक बसले होते आणि रेघा मात्र उजव्या कडेलाच उभ्या. शेजारी घर सोडून गेला, तरी सामाईक भिंत राखून बसल्यासारख्या.

क्लासच्या आधी पडद्याच्या रुंदीची खूण लावता येते. एसएम म्हणजे स्मॉल, स्मॉल म्हणजे मोबाइल, असा हिशेब करून मी 'एसएम:बॉर्डर-आर-0 एसएम:बॉर्डर-बी' ठोकलं: उजवीकडची रेघ काढ, खाली (बी म्हणजे बॉटम) घाल. मोबाइलवरचं लोंबणं तसंच राहिलं, उलट लॅपटॉपवरच्या चांगल्या रेघा आडव्या झाल्या. (हा गोंधळ मी पहिल्यांदा घातला, असं म्हणायची सोय नाही.)

खरं तर सांगलीकराला हे शिकवावं लागू नये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका. 40 चा अर्थ 40 आणि त्याच्या वर. त्याखाली नदी आपली रोजची, तिच्यासाठी कुणी गाद्या माळ्यावर टाकत नाही. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा हे आकडे पोरासोरांना पाठ झाले. एसएमचंही तसंच: 640 पिक्सेल आणि पुढे. एमडी (मीडियम) 768 पासून, एलजी (लार्ज) 1024 पासून. ज्याच्या आधी काहीच लिहिलेलं नाही तो क्लास म्हणजे रोजची नदी, आणि मोबाइल तिथंच राहतो. म्हणून आधी मोबाइलचं लिहायचं, मग रुंदी वाढेल तसा बदल सांगायचा. 'बॉर्डर-बी एमडी:बॉर्डर-बी-0 एमडी:बॉर्डर-आर'. अरुंद पडद्यावर खाली रेघ, 768 च्या पुढे ती जाऊन उजवीकडे रेघ. शेवटच्या रकान्याच्या पलीकडे कुणीच नाही, म्हणून त्याला 'लास्ट:बॉर्डर-0'.

मोबाइलवर बघितलं, आईलाही दाखवलं. तिनं सुई ओठांत धरून पान वरखाली केलं.

"खालच्याला काठ नाही होय रे?"

"त्याच्याखाली काही नाहीच की. कुणापासून वेगळं करायचं?"

"अरे, संपतं तिथंच काठ लागतो." तिनं मांडीवरच्या इरकलीची कड वर करून दाखवली. लाल, चार बोटं रुंद. "नाहीतर सुतं निघतात."

माझ्या पानाची सुतं निघणार नव्हती. तरी 'लास्ट:बॉर्डर-0' खोडून 'एमडी:लास्ट:बॉर्डर-आर-0' केलं. आता मोबाइलवर पेवांच्या माहितीखालीही रेघ येते.

अडत्यांचा परत फोन आला. रेघेबद्दल चकार शब्द नाही. भाव कालचाच दिसतोय म्हणाले.