बेचाळीस नंबरचं बुक

बँकेतून व्हीआरएस घेतली तेव्हा वाटलं होतं, आता जन्मात पुन्हा कॅश टॅली करायची वेळ येणार नाही. तीन वर्षं होतात न होतात तोच जानेवारीतल्या एका रविवारी रात्री साडेअकराला मी नाशिकला इंदिरानगरच्या घरी हॉलमध्ये फरशीवर बसून मिसळीच्या कूपनांचे गठ्ठे लावत होते. कूपनांना रश्श्याचा वास येत होता, काहींवर लाल तेलाचे ठसे होते, आणि हे आतून विचारत होते, "अजून किती?"

ही कूपनं आमच्या सेवाभावी क्लबाची. क्लबात मी आले ती ह्यांच्यामुळे. हे आले त्यांच्या मित्रामुळे. अशा क्लबात माणसं बहुतेक अशीच येतात, सेवा वगैरे नंतर अंगाला लागते. आमचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दर जुलैत नवा अध्यक्ष, नवा कोट, नवी कल्पना. पहिल्याच महिन्यात वृक्षारोपण, कारण पाऊस असतो आणि फोटो छान येतात. त्या झाडांना मार्चमध्ये पाणी कोण घालतं, हे मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. त्यानंतर मला खजिनदार केलं. बँकेत होते म्हणून केलं असं सांगतात, पण मला वाटतं गप्प बसवायला केलं असावं.

गेल्या वर्षी ठरलं ते पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर पाण्याची सोय करायची. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात असा कोसळतो की समोरचं दिसत नाही, आणि मार्च उलटला की त्याच डोंगरात बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. पाणी वाहून जातं, थांबत नाही. क्लबच्या डोक्यात आधी ते ढकलायचे गोल ड्रम होते, ४५ लिटरचे, दांडा धरून जमिनीवरून लोळवत न्यायचे. दिसायला सुबक, प्रत्येकावर क्लबचा बिल्ला लावता येतो. एक नमुना घेऊन आम्ही सहा जण सावळघाटातून पाड्यावर गेलो. तिथल्या एका आजीने ड्रमला दोनदा हात लावून पाहिला आणि म्हणाली, "रिकामा खाली नेईन गं बाई. भरलेला वर कोण लोटायचा?"

विहीर खाली, पाडा वर. मध्ये साठेक फुटांचा उभा चढ आणि नुसते दगड. परत येताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

मग सोलर पंप, पाइप आणि वर ५ हजार लिटरची टाकी असं ठरलं. विहीर सार्वजनिक असल्याचा कागद आणि ग्रामपंचायतीचा ठराव हातात येईपर्यंत दिवाळी गेली. कोटेशन आलं ३ लाख ४० हजारांचं. क्लबच्या खात्यात होते अठरा हजार, तेही रक्तदान शिबिराच्या चहा-बिस्किटांसाठी राखलेले.

पैसे उभे करायचे म्हणजे काय, यावर दोन मीटिंगा गेल्या. ऑर्केस्ट्रा नको, त्यात कलाकारांचंच पोट भरतं. दांडियाचा हंगाम गेलेला. शेवटी मिसळ! नाशिकमध्ये मिसळीला नाही म्हणणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. जानेवारी ठरवायला दोन कारणं होती. एक थंडी. दुसरं पौष. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे गंगापूर रोडवरची लॉन्स ओस पडलेली असतात. एरवी मुहूर्ताच्या दिवशी ज्या लॉन्सच्या मालकाला फोन लागत नाही, त्याने आम्हाला रविवारची सकाळ फुकट दिली. फक्त झाडलोट करून द्या म्हणाला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण कोणी करणार असेल तर उपयोगी पडेल. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून तात्पुरती परवानगी काढावी लागते. आमच्या क्लबचा नोंदणीकृत ट्रस्ट आहे, म्हणून ती काढावी लागली नाही. आचाऱ्याकडे अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का ते पाहिलं आणि झेरॉक्स फाइलला लावली. स्पीकरसाठी पोलिसांकडे अर्ज केला. ८०जीच्या, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या पावत्या वेगळ्या आणि कूपनं वेगळी, हे मात्र मी पहिल्या दिवसापासून घोकत होते. कूपनाच्या बदल्यात मिसळ मिळते, म्हणून ती देणगी नाही, त्यावर ८०जी नाही. निव्वळ देणगी असेल तर पावती, आणि रोख २ हजारांपेक्षा जास्त असेल तर त्यावर सवलत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. हे मी छेचाळीस सभासदांना समजावलं. त्यातल्या किमान दहांनी कूपन विकताना "ऐंशी जी मिळेल हो" असं बिनदिक्कत सांगितलं. त्या दहांची गिऱ्हाइकं नंतर मला फोन करत होती.

कूपनं छापली १,५००. पंचवीसचं एक बुक, अशी साठ बुकं. प्रत्येक सभासदाला एक, आणि उरलेली ज्यांनी हौसेने मागितली त्यांना. इथे मी बँकेत असते तर कधी केली नसती अशी चूक केली: सही न घेता बुकं वाटली. मीटिंग संपल्यावर जेवणाच्या रांगेत कोणी एक घेतलं, कोणी दोन, कोणी शेजाऱ्याचंही उचललं. मी वहीत नावं लिहिली, पण गुलाबजाम खाता खाता लिहिली.

कूपन विकणं अवघड नसतं. विकलेल्याचे पैसे परत आणणं हे खरं काम. कोणी म्हणतो, विकली आहेत पण पैसे यायचेत. कोणी म्हणतो, सगळी मीच घेतली असं धरा. धरा म्हणजे काय? पैसे द्या ना. एका डॉक्टरसाहेबांनी पंचवीसच्या पंचवीस कूपनं दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि आदल्या दिवशी कोरं बुक परत पाठवलं. त्यांचा मला राग नाही, निदान परत पाठवलं. राग आला तो बेचाळीस नंबरच्या बुकाचा. १०२६ ते १०५०. वहीत त्याच्यापुढे एका बिल्डर सभासदाचं नाव होतं. ते म्हणाले, "मॅडम, मला मिळालंच नाही. तुमच्याकडून लिहिताना चुकलं असेल." गुलाबजाम आठवला आणि मी गप्प बसले.

आचाऱ्याशी बोलणं हा वेगळाच धडा. मी हिशेब मांडला की साधारण साडेबाराशे कूपनं जातील, तर तेराशे प्लेट धरू. तो हसला. "ताई, कूपन घेतलेली सगळी माणसं येत नाहीत. रविवारी सकाळी थंडीत गोधडीतून निघायचं असतं. ऐंशी टक्क्यांच्या थोडं वर धरा." ठरले १,०५० प्लेटचे पैसे, ७२ रुपये दराने. त्यात दोन पाव, पापड, दही आणि एक जिलबी. मटकी शुक्रवारी रात्री भिजत घातली, शनिवारी दिवसभर पंचांत बांधून मोड आणले. शनिवारी रात्री नऊला मी तिथे गेले तर मांडवात पांढरी गाठोडी ओळीने टांगलेली, खाली टपटप पाणी. त्याने एक गाठोडं सोडून दाखवलं. अर्ध्या पेराएवढे मोड, आणि हात घातला तर आत ऊब. एवढ्या मोठ्या ढिगाची मटकी गरम होते, वेळेवर मोकळी केली नाही तर आंबते, हे मला त्या रात्री कळलं.

रविवारी साडेसातला गेट उघडलं. आठ वाजता आम्हीच आम्हाला वाढत होतो. पावणेनऊला गंगापूर रोडच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या, आणि मग साडेअकरापर्यंत मान वर करायला मिळाली नाही. माजी अध्यक्ष पार्किंगला उभे राहून शिट्ट्या मारत होते. ते काम त्यांना अध्यक्षपदापेक्षा जास्त शोभलं. तरुण मुलांना तर्री तिखट हवी, म्हाताऱ्यांना नको, म्हणून रश्श्याची दोन पातेली होती. दहाला पाव संपत आले. एक सभासद स्कूटरवर बेकरीत जाऊन मांडीवर लाद्या ठेवून आले, त्यांची पँट दिवसभर पिठाळ होती.

रक्तदान शिबिर तिथेच ठेवावं अशी एकाची सूचना होती. मिसळ खा आणि रक्त द्या. सुदैवाने रक्तपेढीच्या माणसालाच ती गर्दी झेपण्यासारखी वाटली नाही. आमचं शिबिर फेब्रुवारीत वेगळं झालं. तिथे दरवर्षीसारख्याच कितीतरी बायका हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत गेल्या. त्यांच्यासाठी काही करावं असं दरवर्षी ठरतं.

गेटवर मी स्वतः कूपनं घेत होते. साडेनऊच्या सुमाराला ट्रॅकसूट, कानटोप्या आणि पांढरे बूट अशा सहा-सात ज्येष्ठांचा घोळका आला. त्यांच्या हातातली कूपनं घेतली आणि नंबर वाचला. १०३१. पुढचं १०३२. माझ्या पोटात गोळा आला.

"काका, ही कोणाकडून घेतली?"

"आमच्या ग्रुपातले आहेत ना, मागून येतायत हळूहळू. गुडघा धरलाय त्यांचा."

मागून आले ते आमच्या बिल्डर सभासदांचे वडील. वय ब्याऐंशी. बुक घरच्या टीपॉयवर पडलेलं दिसलं, मुलगा काही हलत नाही, म्हणून त्यांनी उचललं आणि गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज दोन-तीन अशी विकली. खिशातून लग्नाच्या आहेराचं पाकीट काढलं. आत ३,३०० रुपये, आणि बुकात प्रत्येक अर्धुकाच्या मागे पेन्सिलीने नाव, तारीख, "रोख". तीन कूपनं उरलेली. "ही परत घ्या. एकजण म्हणाला पित्त आहे, दोघांनी उपास सांगितला." साठ बुकांत असा चोख हिशेब मला दुसरा मिळाला नाही. मुलगा मागे उभा राहून पार्किंगकडे बघत होता.

रात्री टॅली झाली. विकलेली १,२५८, गेटवर आलेली १,०४१. आचारी बरोबर होता. जमा १,८८,७००. खर्च आचारी, मांडव-ताटं, छपाई आणि चहा मिळून ९५ हजार. उरले ९३,७००.

पुढच्या मीटिंगमध्ये एकाने जे म्हणायचं ते म्हटलंच. "छेचाळीस जणांनी दोन-दोन हजार काढले असते तर ब्याण्णव हजार झाले असते. एवढी उठाठेव कशाला?" आकडा त्याने बरोबर काढला होता आणि मी मान डोलावली. फक्त एवढं म्हटलं, की मागच्या वर्षी दोन-दोन हजार काढायचं ठरलं होतं, तेव्हा अकरा जणांनी काढले, आणि त्यात तू नव्हतास. हे बोलायला नको होतं असं घरी आल्यावर वाटलं.

पण त्या उठाठेवीतून आलेलं एक माणूस दोन हजारांत आलं नसतं. लॉन्सवर आम्ही विहीर, चढ आणि टाकीचं मोठं चित्र लावलं होतं. ट्रॅकसूटवाल्या घोळक्यातले एक काका हातात ताट घेऊन त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे होते. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. मला बोलावून म्हणाले, "पाइप एक इंची लिहिलाय. अंतर केवढं आहे? एवढ्या लांब बारीक पाइपातून चढवायला गेलात तर घर्षणातच पंपाचा जीव जाईल. दीड इंची घ्या. आणि वर चढलेलं पाणी पंप बंद झाल्यावर उलटं खाली येतं, त्याला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवलाय का?" कोटेशनमध्ये एनआरव्ही नव्हता. पुढच्या आठवड्यात ते स्वतः पाड्यावर आले, टेप धरून चढ मोजला आणि कोटेशन नव्याने करून घेतलं. पाइप महागला, पण एक अनावश्यक पॅनेल कमी झालं, आकडा जवळपास तोच राहिला.

देणग्या आल्या २ लाख ११ हजार. त्यातल्या बऱ्याच मिसळीच्या दिवशी ते चित्र पाहून गेलेल्यांच्या. सगळं मिळून ३,०४,७००. पस्तीस हजार कमी. मी पुन्हा पत्रं लिहायला बसणार, तेवढ्यात पाड्यावरून निरोप आला की चर आम्ही खोदतो. कोटेशनमध्ये चराच्या खोदकामाला ३८ हजार होते. पाड्यावरच्या लोकांनी तीन रविवारांत चर खोदला. आमच्यातले आठ जण पहिल्या रविवारी गेले आणि हाताला फोड घेऊन आले. दुसऱ्या रविवारी तिघे गेले. तिसऱ्या रविवारी क्रिकेटची मॅच होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीत पाणी पडलं. ड्रमला नाही म्हणणारी आजी नळाखाली हंडा लावून उभी होती. हंडा भरला, तिने तो उचलला नाही, तिथेच ओतला आणि पुन्हा लावला. फोटोग्राफर म्हणाला, आजी, डोक्यावर घ्या ना, फोटो काढतो. ती म्हणाली, "आता कशाला?"

माझं काम मात्र मे संपेपर्यंत चाललं. देणगीदारांची यादी, पॅन आणि पत्त्यासकट, ३१ मेपर्यंत आयकर खात्याच्या फॉर्म १०बीडीमध्ये भरायची होती, मगच देणगीदाराला सवलतीसाठी १०बीईचं प्रमाणपत्र मिळणार होतं. लोक पॅन पाठवतात तो व्हॉट्सॲपवर, तिरक्या फोटोत. एकाचा काही केल्या स्वीकारला जाईना. 'ओ' आणि शून्याचा घोळ होता. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर, एवढं लक्षात ठेवलं की तो सुटतो. ३० मेला रात्री भरून झालं.

जुलैत नवे अध्यक्ष आले. पहिल्याच मीटिंगला विचारलं, "मॅडम, यंदा मिसळ की हुरडा?" मी म्हटलं, काहीही ठेवा, बुक सही करून न्यायचं. बिल्डर सभासद म्हणाले, "आमच्याकडचं वडिलांच्या नावावर लिहा. त्यांना दोन हवीत."