शून्य कुठे धरायचा

बी.प्लॅनच्या, म्हणजे नगरनियोजनाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला स्वतंत्र प्रबंध असतो. विषय आपण निवडायचा, प्रश्नही आपणच काढायचा, सर आठवड्यातून एकदा वही बघतात. मी पुण्यातला आंबिल ओढा घेतला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून पाण्याचा लोंढा आला तेव्हा मी अकरावीत होते, आणि सहकारनगरची माझी मैत्रीण पहाटेपर्यंत फोन उचलत नव्हती. ती सुखरूप निघाली. पण त्या रात्री ओढ्याकाठची माणसं गेली, आणि तेव्हापासून हा ओढा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नदीच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. मला अरण्येश्वराच्या खालच्या अंगाच्या एका गल्लीत, भिंतींवरच्या डागांवरून २०१९ ची रेषा काढायची होती. घरोघरी जायचं, पाणी कुठवर होतं ते विचारायचं, फरशीपासून टेप लावायची. तीन आठवड्यांत तेवीस घरं झाली. तक्ता भरला तर शेजारशेजारच्या घरांत फूट-सव्वा फुटाचा फरक! पाच वर्षांत लोक विसरले असतील, असं मी धरून चालले आणि वहीत ‘आठवण अविश्वसनीय’ असा शेरा मारून सहा घरं वगळूनही टाकली.

जानेवारीतल्या त्या रविवारी चोविसाव्या घरी गेले. दारातल्या मावशींनी आधी विचारलं, “मोजायला आलीस का उठवायला?” २०२१ च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळची घरं पाडलेली सगळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे संमतीच्या कागदावर सही द्यायला गल्लीत कोणी तयार नसायचं. मी कागद पिशवीत ठेवला, ओळखपत्र दाखवलं, नावं लिहिणार नाही म्हणून सांगितलं. मग त्यांनीच मला आत घेतलं आणि लेकाला हाक मारून कपाट सरकवायला लावलं. कपाटामागे रंग दिलेला नव्हता. चिखलाची तपकिरी कड भिंतभर आडवी गेली होती, वर साफ, खाली पापुद्रे सुटलेले. मी टेप लावली. तीन फूट सहा इंच.

“एवढंच?” मावशी म्हणाल्या. “माझ्या गळ्याशी होतं गं पाणी. नातवाला डोक्यावर धरलं होतं मी.” त्या डागाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. कड त्यांच्या छातीच्या खालीच राहिली.

बाहेर त्यांचे दीर बसले होते. गवंडीकाम करतात. त्यांनी आत डोकावून टेपचं खालचं टोक पाहिलं. “पोरी, लादी काय धरतेस? पुरानंतर भराव घालून ती मीच वर घेतलीय. हिच्याकडे चौदा इंच, पलीकडे दहा, कोपऱ्यावरच्यांनी पैसे नव्हते म्हणून घेतलीच नाही.”

तीन फूट सहा इंच आणि चौदा इंच. चार फूट आठ. मावशींचा गळा.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. तेवीस घरं मी कुठे वर घेतलेल्या, कुठे जुन्याच लादीपासून मोजली होती, आणि खोटं ठरवलं होतं लोकांना. सर्व्हेइंगच्या पहिल्याच तासाला शिकवतात की उंची मोजायची ती एका पक्क्या खुणेपासून. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिलंही होतं.

“ओढ्यावरच्या पुलाचा कठडा धर,” काका म्हणाले. “तो त्या रात्रीही जागेवरच होता.” आणि उठून पिशवीतून लेव्हलची नळी काढली, गवंडी वापरतात ती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. कठड्याच्या कोपऱ्यावर लाल खडूने खूण केली. नळीचं एक टोक तिथे धरायचं, दुसरं घरात न्यायचं. पाणी दोन्हीकडे एका पातळीत येऊन थांबतं. तिथून डागापर्यंत टेप. लांबच्या घरांसाठी मधे भिंतीवर खुणा करत गेलो. मावशींचा लेक एक टोक धरून, मी दुसरं. पोरं मागे मागे. ज्या घरांनी पहिल्यांदा दार लोटून घेतलं होतं तिथेही काका म्हटल्यावर कपाटं सरकली.

अंधार पडेपर्यंत चौदा घरं झाली. कठड्याच्या खाली किती इंच, एवढा एकच आकडा प्रत्येक घराचा. वरच्या घरापासून खाली येताना तो इंचा-दोन इंचांनी वाढत गेला, वाहत्या पाण्याचा उतार असावा तसा. वगळलेल्या सहापैकी पाच घरं त्या ओळीत बरोबर बसली.

सहावं बसलं नाही. सात इंच वर राहिलं. तिथल्या आजोबांना विचारलं तर त्यांनी घराखालच्या बाजूची नवी सीमाभिंत दाखवली. “जुनी पडेपर्यंत पाणी आमच्यातच तुंबलं होतं. ती पडली आणि झपकन उतरलं.” वहीतला माझा जुना शेरा खोडला आणि त्याच ओळीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. उरलेली घरं पुढच्या रविवारी करायचं ठरलं. नळी काकांनी माझ्याकडेच ठेवायला दिली.