पूर्णाकाठचं पाणी

आज मामांच्या गावी होतो. हापशाचं पाणी तोंडात घेतलं अन् थुंकलंच, एवढं खारट! मामी म्हणे, "बाबू, या पाण्यात डाळ शिजत नाई."

हा आमचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला. वर काळी कसदार माती, खाली खारं पाणी. तेच पाणी पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट बसते अन् पाणी मुरू देत नाही, म्हणून हरभरा नुसत्या मुरलेल्या ओलीवर येतो. तरी घाटे कसे टच्च भरलेत! पाला हाताळला की बोटांना आंब, म्हणजे पाल्यावरचं आंबट पाणी, लागते; लहानपणी आम्ही तीच चाटायचो.

श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं अकोल्याच्या राजेश्वर महादेवाला जातं. खाऱ्या मुलखातल्या माणसानं नदीचं पाणी खांद्यावर का वाहावं, ते आज जिभेला कळलं.